दर मंगळवारी मरणाऱ्या मॅडम

मगदूम मॅडम दर मंगळवारी मरत असत. मंगळवारी दुपारी त्यांचा प्रात्यक्षिकाचा तास असे. इतर शिक्षक आम्हांला रबरी पुतळ्यांवर शिकवत, परंतु मॅडमना पुतळ्यांचा तिटकारा होता. ‘‘पुतळा खोटं बोलत न्हाई. मग त्याच्यावर शिकून काय उपेग?’’ असे म्हणून त्या पुतळ्याला कपाटाशी ढकलत, फरशीवर सतरंजी अंथरत, चष्मा टेबलाच्या खणात ठेवत आणि आडव्या होत. त्या क्षणापासून त्या मॅडम नसत. कधी त्या कवठे महांकाळच्या द्राक्षबागेत औषध फवारताना चक्कर आलेली बाई असत, कधी मोटारसायकलवरून पडलेला दारुडा, तर कधी बायकोवर डाफरत छाती दाबून धरणारा पेन्शनर सुभेदार. आमच्यापैकी एकाचे नाव पुकारले जाई. त्याने पुढे होऊन त्यांना वाचवायचे. तो चुकला की त्या कोरड्या आवाजात ‘‘मेले’’ एवढेच म्हणत, डोळे मिटत आणि तास संपेपर्यंत मेलेल्याच राहत. एखाद्या दिवशी तास सुरू होताच त्या मरत, आणि मग सारा वर्ग त्या प्रेताभोवती मुकाट बसून राही. घंटा झाली की प्रेत उठे, चष्मा लावे आणि विचारी, ‘‘आज मला कोणी मारलं?’’ ज्याच्या हातून चूक झाली असेल त्याने उभे राहून, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, ‘‘मी मारलं, मॅडम.’’

मला त्या आवडत नव्हत्या, हे आरंभीच सांगितलेले बरे. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना लेखणी आपोआप मऊ होते. या लेखात तसे होऊ नये असा माझा प्रयत्न आहे.

कराडला लागून असलेल्या मलकापूरच्या बाजूला आमचे महाविद्यालय होते. अपघातातल्या किंवा अचानक कोसळलेल्या माणसाला दवाखान्यापर्यंत जिवंत पोहोचवण्याचे शिक्षण तेथे मिळे. पॅरामेडिकची पदवी, असे त्याला म्हणतात. मी प्रवेश घेतला तेव्हा माझे वय चौतीस होते. त्यापूर्वी मराठीत एम. ए. करून मी साताऱ्यातल्या एका शाळेच्या ग्रंथालयात काम करत होते. बारावी विज्ञान शाखेतून झालेली असल्यामुळे प्रवेशाला नियमांची अडचण आली नाही. अडचण होती ती माझ्या स्वभावाची. चार माणसांपुढे बोलायचे म्हटले की माझा आवाज घशातच विरतो. असे असताना मी हे शिक्षण का निवडले, हा प्रश्न रास्त आहे. एकदा शाळेच्या शिक्षकखोलीत आमचे एक सहकारी जागच्या जागी कोसळले, आणि आम्ही सगळे सुशिक्षित लोक त्यांना वह्यांच्या पुठ्ठ्यांनी वारा घालत राहिलो. त्यानंतर पुस्तकांना नंबर घालण्यात माझे मन लागेना. याहून मोठे कारण माझ्यापाशी नाही.

पहिल्या दिवशी मॅडमनी मला दारातच अडवले. ‘‘पालकांनी बाहेर बाकावर बसायचं.’’

‘‘मी विद्यार्थिनी आहे,’’ मी म्हणाले.

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळले. ‘‘आधी काय करत व्हतीस?’’

‘‘ग्रंथालयात होते.’’

‘‘मग तितं काय वाईट व्हतं?’’ त्यांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता आत वळल्या. त्या दिवसापासून माझे नाव ‘लायब्ररी’ पडले. हजेरी घेतानाही त्या माझ्या खऱ्या नावावर थबकत आणि शेवटी ‘‘लायब्ररी!’’ असेच पुकारत.

सतरंजीपाशी माझी पहिली पाळी आली तेव्हा मी गुडघे टेकले आणि पाठ केलेले वाक्य शक्य तितक्या स्पष्टपणे म्हटले, ‘‘नमस्कार. आपल्याला कसे वाटत आहे?’’

‘‘बरं हाय,’’ मॅडम कण्हत म्हणाल्या.

मला हायसे वाटले आणि मी पुढचा प्रश्न विचारू लागले. प्रश्न अर्धाही झाला नव्हता, तोच त्या म्हणाल्या, ‘‘मेले.’’

घंटा होईपर्यंत मी त्या प्रेताशेजारी गुडघ्यांवर बसून होते. उठावे की बसावे, हेही मला कळत नव्हते. घंटा झाल्यावर त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. माझ्या तोंडून आवाज निघाला तो मलाही ऐकू आला नाही.

‘‘लायब्ररीत हळू बोलायचं असतंय. हितं माणूस मेलंय. मोठ्यानं!’’

‘‘मी मारलं, मॅडम.’’

‘‘कशानं मारलंस?’’

मग त्या माझ्याकडे न बघता वर्गाला म्हणाल्या, ‘‘आमच्याकडं माणूस मरताना ‘बरं हाय’ म्हणतोय. आल्या-गेल्याला तरास नको म्हणून म्हणतोय. म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलेलं असंल, पर तुमी गाडीतनं उतरला की पयल्यांदा च्या टाकायला सांगंल. बोंबलणाऱ्यात जीव असतोय. ‘बरं हाय’ म्हणणारा पयला उचलायचा.’’ त्यानंतर त्या माझ्याकडे वळल्या. ‘‘आन हे ‘आपल्याला’ काय गं? आपल्याला म्हंजे कुणाला? तू आन मी? दोघींनी मिळून मरायचं व्हय?’’

वर्ग हसला. त्या हसल्या नाहीत. त्यांना कोणी हसताना पाहिले असेल तर ते मला ठाऊक नाही.

त्या मूळच्या सांगलीकडच्या, जैन शेतकऱ्याच्या घरातल्या. उभे आयुष्य अपघात विभागात परिचारिका म्हणून काढून त्या शिकवायला आल्या होत्या. लग्न केले नव्हते. प्राचार्यांशी बोलताना त्यांची मराठी शुद्ध असे. आमच्या वाट्याला मात्र मळ्यातली भाषा येई, आणि त्यांनी ती आम्हांला लागेल अशीच घडवलेली होती. एक गोष्ट त्या कोणासाठीही मोडत नसत. दिवस मावळल्यानंतर त्या अन्नाचा कण किंवा पाण्याचा थेंब तोंडात घेत नसत. रुग्णवाहिकेवरच्या आमच्या प्रशिक्षणात त्या सोबत असत, आणि ऊन उतरू लागले की गाडी जेथे असेल तेथे उभ्याने डबा संपवत. एकदा संध्याकाळी काम लांबले आणि डबा तसाच राहिला. माझा वर्गमित्र संग्राम हा शिराळ्याचा मोकळा, बडबड्या मुलगा. त्याने काळजीपोटी बिस्किटाचा पुडा पुढे केला. ‘‘मॅडम, एकांदं खावा की. कोण बघतंय?’’

‘‘मी बघतीया,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘नियम माझा हाय. सोडायला सांगणारा तू कोण रं? पेशंटला बी असंच सांगणार हायस व्हय?’’ पुढचे कित्येक दिवस त्या संग्रामशी बोलल्या नाहीत. सतरंजीवरच्या रुग्णाला वाचवण्याची पाळी मात्र दर मंगळवारी त्याच्यावरच आणली, आणि त्याच्या हातून त्या दर मंगळवारी मेल्या.

मी विषयात मागे नव्हते. लेखी परीक्षेत माझ्या वरचढ कोणी नसे, आणि यामुळेच मॅडम माझ्यावर अधिक चिडत असाव्यात. दुसऱ्या वर्षाच्या अंतर्गत प्रात्यक्षिकात त्यांनी मला नापास केले. मी प्राचार्यांच्या खोलीत उभी असताना त्या अत्यंत स्वच्छ मराठीत म्हणाल्या, ‘‘सर, हिला विषय येतो. हिला माणूस येत नाही.’’ वाक्य इतके नेटके होते की अपमानाच्या त्या क्षणीही माझ्यातल्या मराठीच्या विद्यार्थिनीने त्याला मनोमन दाद दिली. बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी सारे धैर्य एकवटून विचारले, ‘‘मॅडम, माझ्यात नेमके काय कमी आहे?’’

‘‘आवाज,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आन राग. रागाबिगर गर्दी हलत न्हाई. तू गर्दीला विनंती करत बसशील, आन तवर माणूस जाईल. तुझ्या हातनं माणूस मरणार, लायब्ररी. आज न्हाई उद्या मरणार. मी सांगतीया.’’

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले. पुरवणी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला उत्तीर्ण केले, तरीही ते निघाले नाही. नापास झाल्याचे दुःख ओसरते, परंतु आपल्या हातून माणूस मरणार असे जाणत्या व्यक्तीने सांगितले की प्रत्येक नाडीवर बोट ठेवताना ते शब्द आधी आठवतात. आवाज कमवण्यासाठी मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन ‘‘सरका! बाजूला व्हा!’’ असे ओरडण्याचा सराव केला. संग्राम खाली उभा राहून गर्दीचे काम करी. एकदा तो म्हणाला, ‘‘ताई, हितं एक कुत्रं झोपलं व्हतं. तुमच्या आवाजानं उठलं, पर लय विचार करून उठलं.’’

शेवटच्या वर्षी निरोपाच्या कार्यक्रमात मॅडमनी एकेकाच्या हातात गुलाबाचे फूल दिले. माझी पाळी आली तेव्हा फूल देता देता त्या म्हणाल्या, ‘‘लायब्ररीतली जागा भरली का गं? न्हाईतर बघ जाऊन.’’ ते फूल मी बसथांब्यावर ठेवून आले.

त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि भावाच्या मळ्यात राहायला गेल्या. मी सांगलीजवळच्या एका केंद्रावर रुग्णवाहिकेवर रुजू झाले. गाडी चालवायला तानाजीमामा होते. ते माझ्या आवाजाला कधी हसले नाहीत. गर्दी जमली की तेच हॉर्न दाबून धरत आणि म्हणत, ‘‘ताई, तुमी पेशंट बघा. ओरडायचं खातं माझ्याकडं.’’ अशा रीतीने माझे दिवस चालले होते. अनेकांना आम्ही वेळेत पोहोचवले. मॅडमचे भाकीत अद्याप खरे झाले नव्हते, परंतु ते खोटे ठरले असेही मला म्हणवत नव्हते. प्रत्येक फेरीपूर्वी वाटे, ते आज खरे होणार.

आणि एका संध्याकाळी फोन आला. कालव्याच्या पुलापुढे, ट्रान्सफॉर्मरपाशी वळून मगदुमांचा मळा; बाईमाणसाला दरदरून घाम सुटला आहे. त्या भागात मगदूम पुष्कळ, त्यामुळे माझ्या मनात काहीच आले नाही. उसाच्या फडांमधल्या चाकोरीतून गाडी वस्तीवर पोहोचली, तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता. अंगणात माणसे गोळा झाली होती, आणि त्यांच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाठ ताठ ठेवून, मगदूम मॅडम बसल्या होत्या.

त्यांनी मला ओळखले. ‘‘दुसरी गाडी न्हाई का?’’ त्यांनी तानाजीमामांना विचारले.

‘‘आवं आक्का, असं काय बोलताय!’’ त्यांची भावजय कळवळून म्हणाली.

‘‘तुला ठावं न्हाई. हिनं मला लय येळा मारलंय.’’

साऱ्या अंगणाने माझ्याकडे वळून पाहिले. त्या नजरांना काय उत्तर द्यावे, हे कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवलेले नाही. मी खुर्चीपाशी गुडघे टेकले. ‘‘मॅडम, आपल्याला कसे वाटत आहे?’’

‘‘बरं हाय. जा तू.’’

मी तानाजीमामांकडे पाहिले. ‘‘मामा, स्ट्रेचर काढा.’’

‘‘कुणी सांगितलं?’’ मॅडम कडाडल्या.

‘‘आपणच सांगितलंत,’’ मी म्हणाले. ‘‘बरं आहे म्हणालात.’’

त्यांचे कपाळ गार आणि ओले होते, आणि पदराचा बोळा त्यांनी जबड्याशी धरला होता. काय होते आहे असे विचारता त्या म्हणाल्या, ‘‘दाढ ठणकतीया.’’ भावजय हळूच म्हणाली, ‘‘दाढ कवाच काढलीया त्यांची.’’ हृदयाची कळ जबड्यातही उतरते; मी दाढेचा विषय सोडला. त्यांना गाडीत घेतले, छातीला तारा लावल्या आणि हृदयाचा आलेख काढला. तो वाईट होता. फोनवरच्या डॉक्टरांना मी तो सांगितला. त्यांनी रक्त पातळ करणारी गोळी ताबडतोब चघळायला देण्यास सांगितले. मी गोळी काढून मॅडमच्या तोंडापाशी नेली. त्यांनी ओठ मिटले.

‘‘दिवस मावळलाय,’’ दात न उघडता त्या म्हणाल्या. ‘‘तोंडात काय घेणार न्हाई.’’

गाडीच्या उघड्या दारापाशी त्यांचा भाऊ उभा होता. तो खाली मान घालून म्हणाला, ‘‘नियम हाय तिचा. लहानपणापासनं. आमचं कुणाचं ऐकत न्हाई.’’ तानाजीमामा किल्लीला हात लावून थांबले होते. संग्रामचा बिस्किटाचा पुडा मला आठवला. त्याच वेळी माझ्या मनात जे आले ते सुंदर नव्हते. या मेल्या तर यांचे भाकीत खरे होईल, हा विचार आधी आला. या मरतील, हा नंतर. त्या जागी दुसरे कोणी असते तर ओरडले असते, आणि कदाचित त्यानेही काम झाले असते. मला ओरडता येत नाही. मला प्रश्न विचारता येतात, तेही हळू आवाजात.

‘‘मॅडम,’’ मी म्हणाले, ‘‘नियम घेताना आपण औषधाची सूट ठेवली होतीत का?’’

असे नियम घेताना पुष्कळ जण औषधाची सूट आधीच ठेवतात, हे मी वाचलेले होते. महाविद्यालयातली सारी वर्षे या बाईंनी माझ्यापुढे आडवे पडून नाना प्रकारच्या खोट्या गोष्टी सांगितल्या होत्या. दारू प्यायलो नाही, पडलो नाही, साखरेची गोळी घेतली आहे, बरं हाय. रुग्ण खोटेच बोलतो हे धरून चालायचे, हा त्यांचाच सिद्धांत होता. या वेळीही त्या खुशाल ‘‘न्हाई’’ म्हणू शकत होत्या. ते खरे की खोटे हे तपासण्याचे माझ्यापाशी कोणतेही साधन नव्हते. आपले कपाट कोणी न विचारता उघडावे तशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले. ती नजर मी अद्याप विसरलेले नाही. तिच्यात रागाखेरीज काहीही नव्हते.

‘‘ठेवलीया,’’ शेवटी त्या म्हणाल्या, आणि हात पुढे केला.

मी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि सवयीने पाण्याची बाटली उचलली.

‘‘पाण्याची न्हाई ठेवली,’’ त्यांनी मला झिडकारले आणि गोळी कोरडीच चघळली.

मग सांगलीपर्यंतचा रस्ता त्यांनी माझी परीक्षा घेण्यात घालवला. स्ट्रेचरचा पट्टा ढिला हाय. ऑक्सिजनची नळी कानावरनं घे, गालावरनं काय नेतीस? तोंड काय बघतीस माझं, नाडी बघ. या ड्रायव्हरला खड्डा दिसत न्हाई का? मी एकेक गोष्ट करत गेले. त्यांचा प्रत्येक शब्द मला टोचत होता, आणि तरीही तो थांबू नये असे मला मनापासून वाटत होते. मग साखर कारखान्याच्या फाट्यानंतर कुठेतरी तो थांबला. त्यांनी डोळे मिटले.

‘‘मॅडम?’’

उत्तर आले नाही. मंगळवारी दुपारी दिसे तोच हा चेहरा होता. मी मानेवर बोटे टेकवली. नाडी लागत होती. बारीक, परंतु लागत होती. ‘‘मॅडम, कसे वाटत आहे?’’

मग मिटल्या डोळ्यांनीच, प्रथमच इतक्या हळू आवाजात की मला वाकावे लागले, त्या म्हणाल्या, ‘‘लय वाईट.’’

आणि माझ्या जिवात जीव आला. सतरंजीवर आणि सतरंजीबाहेर, या प्रश्नाला त्यांनी मला दिलेले हे पहिले खरे उत्तर होते. ‘‘मामा, अजून थोडे वेगाने,’’ मी पुढे ओरडून सांगितले. तानाजीमामा नंतर म्हणाले, ‘‘ताई, त्या दिवशी तुमचा आवाज म्होरल्या काचंपतुर आला.’’

त्या दिवशी त्या मेल्या नाहीत. वेळेत आल्या, असे दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले. काही दिवसांनी आमच्या केंद्रावर एक तक्रार आली. रुग्णवाहिकेतल्या स्ट्रेचरचा पट्टा ढिला आहे आणि तेथील पॅरामेडिक रुग्णाशी पुस्तकी भाषेत बोलते, अशा आशयाची. तक्रार शुद्ध मराठीत होती. तीत एकही चूक मला काढता आली नाही. पट्टा तर खरोखरच ढिला होता.

मी त्यांना एकदा भेटून आले. सौजन्य म्हणून गेले असे मी तेव्हा स्वतःला सांगितले, परंतु ते खरे नव्हते. त्या वस्तीवर खाटेवर बसून शेंगा सोलत होत्या. मी दारात उभी राहिले. ‘आज मला कोणी वाचवलं?’ असे त्या विचारतील आणि मी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर देईन, अशी माझी तयारी होती. वाटेत बसमध्ये मी ते वाक्य मनातल्या मनात म्हणूनही पाहिले होते.

मॅडमनी मान वर केली. ‘‘लायब्ररी व्हय? पट्टा बदलला का?’’

‘‘बदलला,’’ मी म्हणाले. याव्यतिरिक्त आमच्यात काही बोलणे झाले नाही. भावजयीने चहा दिला. तो मी प्यायले आणि निघाले.

पुढच्या वर्षी एका सकाळी संग्रामचा फोन आला. तो आता कराडकडच्या गाडीवर असतो. ‘‘ताई,’’ तो म्हणाला, ‘‘मगदूम मॅडम गेल्या.’’

माझ्या तोंडून आपोआप प्रश्न गेला, ‘‘कोणी मारलं?’’

‘‘कुणी न्हाई, ताई. झोपेतच गेल्या. गाडीसुदिक बोलवायला लागली न्हाई.’’

कोणाची चूक नाही, उभे करायला कोणी नाही आणि विचारायला प्रश्नही नाही, असे मरण त्यांना मुळीच पटले नसते.